बारावीच्या जागी दुसरी परीक्षा

कोडाईकनाल,
ऑगस्ट १९९३

ती. नाना आणि आई,

कोकिळाचा नमस्कार. मी मजेत आहे. इथे थंडी फार, पण आईचा स्वेटर पुरतो. आईचे गुडघे कसे आहेत? कपाशीची निंदणी झाली का?

नाना, बारावी सोडून पोरगी काय शिकते, असं नरडाण्याला लोक विचारतात ना? सांगा, इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. दोन वर्षं, सहा विषय, आपणच निवडलेल्या प्रश्नावर एक मोठा निबंध आणि थोडी समाजसेवा. पेपर बाहेरदेशी तपासतात. पुष्कळ देशांतली विद्यापीठं ही परीक्षा मानतात. आपल्याकडच्या कॉलेजांचं इथल्या मुख्याध्यापिका बाई विचारून घेत आहेत.

आता एक सांगते, घाबरू नका. इंग्रजी साहित्याच्या तासाला माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी बॅग भरली आणि मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, "मला घरी पाठवा."

त्यांनी विचारलं, "घरी काय बोलता?"

"अहिराणी. शाळेत मराठी."

"मग साहित्य मराठीतून घे. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शीक. नियमात बसतं. फक्त मराठीला इथे शिक्षक नाही, तुझा तुलाच अभ्यास करावा लागेल."

मी बॅग रिकामी केली.

काल पहिला मराठी निबंध लिहिला. माझ्या खोलीतली पवित्रा नेपाळची आहे. तिची अक्षरं आपल्यासारखीच, म्हणून तिने तो अडखळत मोठ्याने वाचला. तिला अर्थ फारसा कळला नाही. मी मात्र डोळे मिटून ऐकत बसले. दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या तोंडून मराठी ऐकली.

आई विचारेल, "बठ्ठं बरं शे ना?" तिला सांगा, आता सगळं बरं शे.

तुमची,
कोकिळा