नवं इंजिन येईपर्यंत

११ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर पार पिट्टा पडलाय. वहिनीला सांग, स्वेटर नीट बसला.

तू विचारलंस, "तुझं इंजिन कुठवर आलं?" चाललंय. पिस्टनच्या माथ्यावर खळगा असतो ना, ज्यात डिझेलचा फवारा जळतो, त्याचा आकार आम्ही पुन्हा बदलला. तोंड अरुंद केलं, म्हणजे आत हवा जोरात फिरते आणि डिझेल नीट जळतं. धूर ज्या पांढऱ्या कागदातून ओढून मोजतो, तो जवळजवळ कोराच निघाला. आमचे साहेब कधी हसत नाहीत, तेही हसले. डिझेलसुद्धा कमी लागलं.

हे मागच्या आठवड्यातलं. इथेच थांबणार होते, पण तुझ्याशी लपवाछपवी कधी जमली आहे मला? काल इंजिन उघडलं. खळग्याच्या अरुंद काठाला तडे गेलेत. सगळी उष्णता तिथेच साचते. म्हणजे पुन्हा नवा आकार, नवे पिस्टन, सगळं पहिल्यापासून. वर्ष जाईल, कदाचित दोन. मला रडूसुद्धा आलं नाही, इतका कंटाळा आलाय.

मागच्या वेळी तू इथे रुमाल विसरलास. धुवायला घेतला तर खोकल्याचे काळे डाग. मी काय केलं माहितेय? सवयीनं आमच्या धुराच्या छटांच्या तक्त्याशेजारी धरला आणि त्याचा नंबर काढला! मग स्वतःचीच शिसारी आली. हसू नकोस, ढास लागेल.

दादा, बोटीचं ते जुनाट इंजिन तू धुरानं कोंदलेल्या खोलीत रोज सांभाळतोस. मालक तुला तिकीट खिडकीवर बसवायला तयार आहे. तू म्हणे त्याला सांगतोस, "बहिणीचं इंजिन बसवीन, मगच ही खोली सोडीन." वहिनीनं फोनवर सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. तुला माझं कौतुक आहे, कळतं रे मला. पण त्या कौतुकापायी जीव घालवलास, तर मी जन्मभर त्या इंजिनाकडे कशी बघू? नाही झेपणार मला.

माझं इंजिन वेळेत होणार नाही. साहेबांना हे अजून सांगायचंय, तुला आधी सांगतेय. माझ्यासाठी थांबू नकोस. उद्यापासून त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

तुझ्यावर चिडलेली, तुझ्यासाठी घाबरलेली,
छोटी