हाकेचा दिवा

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

माझा खोकला गेला. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या शिवणखात्यात आता बहिऱ्या मुली कामाला आहेत. त्यांना हाक मारायची म्हणजे दिवा दोनदा बंद-चालू करायचा. काल नव्या साहेबांना वाटलं, वीज बिघडली. वायरमन शिडी घेऊन आला, तेव्हा मुली पोट धरून हसल्या.

तुझ्या लेकीसाठी एक मशीन महिनाअखेरपर्यंत अडवून धरलं आहे. "ऐकू येत नाही, परक्या गावी कशी राहील?" असं तुझे यजमान म्हणतील. माझ्या खोलीत राहील. पण यायचं तर आत्ताच; पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. मग तिच्यासाठी इथे भांडायला कोणी नसेल.

तिला अजून विचारलंच नसशील. विचार, आणि उत्तर तिच्याच हातचं पाठव.

तुझी,
ताई