सेल्वीची टाळू

देनपसार,
९ सप्टेंबर

रोफिन, धाकट्या,

तुझ्या काएचा, थोरल्या भावाचा आशीर्वाद. सबाहच्या त्या पामबागेत तब्येतीने बरा असशील आणि रविवारची मिस्सा चुकवत नसशील, असं धरून चालतो. घरी डुकरीण व्यायली. कॉफी यंदा बरी आहे.

कॉफी वाळत घातली होती, त्या सकाळी चढावर रेत्नोबाईंची जीप दिसली आणि मी तुझ्या सेल्वीला कानटोपी घालून पोत्यांमागे बसवलं. रडू नये म्हणून हातात उकडलेलं रताळं दिलं.

रेत्नोबाई म्हणजे गुहेच्या खोदकामाबरोबर येणाऱ्या जावाच्या डॉक्टर. तू गेल्यावर आल्या. ती लहान डोक्याची जुनी हाडं निघाल्यापासून ही मंडळी आपल्याकडच्या बुटक्या माणसांना पट्टीशेजारी उभं करून फोटो काढतात. मी तिथं माती चाळायला जायचो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यांचे वाद कानावर पडत. एक म्हणे, ही माणसाची वेगळीच जात, मेंदू एवढासाच, म्हणून कवटीही एवढीशी. दुसरा म्हणे, कसली जात, हा आपल्यासारखाच माणूस, फक्त आजारी. मेंदू वाढला नाही, म्हणून कवटी वाढली नाही. ते सिद्ध करायला त्याला आजचं एखादं लहान डोकं हवं होतं. तसलं डोकं माझ्या घरात होतं.

तुला आठवत असेल, सेल्वीची टाळू तिसऱ्याच महिन्यात दगडासारखी घट्ट झाली. शेजारच्या बायका म्हणाल्या, आईविना पोर, पण देवाने हाड लवकर भरलं, लेपसुद्धा लावायला नको. आपणही खूश झालो. मग डोकं तेवढंच राहिलं आणि तू बोटीत बसलास.

जीप थेट आपल्या अंगणात आली. चुगली कुणी केली म्हणून मी शेजाऱ्याकडे बघत होतो, तर तुझी वहिनी मार्टा म्हणाली, "त्यांच्याकडे काय बघताय? मी बोलावलंय. पोर डोकं धरून रडते. तुम्ही आणखी एक टोपी आणा, म्हणजे थांबेल."

बाईंनी सेल्वीच्या डोक्यावरून बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा एकाच जागी. मग म्हणाल्या, आतला फोटो काढावा लागेल, देनपसारला.

"त्या हाडाशेजारी लावायला ना?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "येताना तेच मनात होतं. आता नाही."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. मी नाही म्हटलं. मार्टा माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी फादर मध्ये पडले आणि आम्ही इथं देनपसारच्या इस्पितळात आलो.

फोटो मी स्वतः उजेडाला धरून पाहिला. कवटीच्या आतल्या बाजूला सगळीकडे खळगे, ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे. इथले सर्जन म्हणाले, बाळाची कवटी आपोआप वाढत नाही, आतला मेंदू वाढतो आणि हाडं बाजूला सारतो, हाडांमधल्या शिवणी मोकळ्या असतील तोवर. मेंदूच वाढायचा थांबला असता, तर शिवणी नंतर मिटल्या असत्या आणि हे खळगे पडले नसते. हिच्या शिवणी आधी मिटल्या. मेंदू अजून ढकलतोय. शिवणी कापून जागा केली नाही, तर आधी डोळे जातील. कापताना पोरही जाऊ शकते.

रोफिन, ते एवढंसं डोकं मी रोज धुतलं, पुसलं. आत कुणी बाहेर येण्यासाठी धडपडतंय, हे मला कधी कळलं नाही.

फोटो मी मागून घेतला, तो उशाखाली आहे. दुसरी प्रत त्यांच्याकडे नाही असं रेत्नोबाई म्हणतात. मी मान डोलावली. विश्वास अजून बसलेला नाही. पण त्या कालही आल्या, सेल्वीशेजारी बसून राहिल्या आणि त्यांच्या हातात पट्टी नव्हती.

तुला दोन पत्रं टाकली. फादरांनी बागेच्या कचेरीत फोन केला. मुकादम म्हणाला, निरोप दिलाय, त्याने ऐकला आणि कामावर गेला.

आता लिहितोच. तू कामासाठी गेलास असं मी गावात सांगत आलो. मला तसं वाटत नाही. तिचं डोकं तुला बघवेना, म्हणून तू गेलास. हा माझा संशय खोटा असेल, तर मला लिही. मी देवळात गुडघ्यावर बसून आभार मानीन.

आज सकाळी नर्सने कागद पुढे केला आणि विचारलं, मुलीचे वडील कोण. मार्टाने माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो आणि सही केली.

देवाला काय सांगायचं ते मी माझं बघेन. तिला आत नेलंय. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितोय, मार्टा जपमाळ ओढतेय. दाराकडे बघायचा धीर होत नाही.

ती जगली, तर तू घरी ये, तुझं पान वाढलेलं असेल. पण तिला मागू नकोस.

सेल्वीचा बाप,
कानिस