वन्संना, नातीच्या सांडपाण्याविषयी

तीर्थरूप वन्संच्या पायांशी (सुजलेला गुडघा सोडून, दुसऱ्या पायाशी) वाकून नमस्कार. कागदावर आहे म्हणून पूर्ण वाकले. समोर असते तर अर्ध्यातच थांबले असते आणि तुम्हीही "असू दे, असू दे" म्हणत पाय आणखी थोडा पुढे केला असता. तब्येत कशी आहे? रात्री झोप लागते का? (लागते, ते मला माहीत आहे, तुमचं घोरणं ऐकून शेजारी घड्याळ लावतात, पण विचारायची रीत आहे.) माझं म्हणाल तर ठणठणीत आहे. विमानात पाय सुजले होते ते उतरले, आणि तोंड, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, तसंच आहे.

फोन न करता पत्र का, असं म्हणाल. तर फोनवर सुरुवातीला मी "वन्सं" म्हणते, शेवटी "बरं, ठेवते" म्हणते आणि मधलं सगळं तुमचंच असतं. यंदा सांगण्यासारखं माझ्याकडे जास्त आहे. आपली नात भिंगरी या कागदांचे फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवेल. चष्मा लावून स्वतः वाचा, सुनेला वाचायला देऊ नका. मी तिसरी, तुम्ही सातवी, तेव्हा काना-मात्रा कमी पडल्या तर तुमच्या जादा चार वर्षांतल्या घाला.

मी इकडे कशाला आले ते तुम्हाला "नातीला भेटायला" असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. तुमच्या भाच्याने मला तिला परत आणायला धाडलं. तिचं परतीचं तिकीटसुद्धा माझ्याच पिशवीत घातलं, येत्या गुरुवारचं, आणि विमानतळावर मला कोपऱ्यात घेऊन शिकवलं की आई, आधी गोड बोल, मग रड, आणि तरी नाही ऐकलं तर छातीत दुखतंय म्हण. मी म्हटलं, बाबा रे, तुझा बाप गेला तेव्हा मी रडले नाही ते मला जमत नाही म्हणून. (तुम्ही रडलात, दोघींच्या वाटचं, त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत ते आत्ता मानते.) कारण काय, तर भिंगरी इकडे कॉम्प्युटर शिकायला आली आणि पाचव्या महिन्यात ते सोडून तिने "पाणी" घेतलं. तुमच्या भाच्याने सगळ्यांना तेच सांगितलं ना, मुलगी पाण्यात पुढचं शिक्षण घेते आहे म्हणून? तुम्हाला वाटलं असेल धरणं, नद्या. मलाही तेच वाटलं. इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने सांगितलं, "आजी, पाणी नाही गं, सांडपाणी. गटारं, मैला, ते सगळं." माझा घोट तिथेच राहिला. मग गिळला, चहा चांगला झाला होता.

आता खोलीचं सांगते. चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, त्यात भिंगरी आणि तिची मैत्रीण राहतात. ही मैत्रीण इतकी उंच आहे की माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागत नाही, मी तिला लांबोडी म्हणते, तिला ते मानाचं नाव वाटतं. आम्हाला एकमेकींचं काही कळत नाही त्यामुळे आमचं फार पटतं. तळमजल्यावर मालकीणबाई राहतात, एकट्या, सोबत एक पांढरं मांजर. ते मांजर पायात येतं आणि केस सोडून जातं. माझं काळं लुगडं पहिल्याच दिवशी करडं झालं. मालकीणबाईंचे नियम जिन्यात काचेच्या चौकटीत लावले आहेत. ते सत्तावीस आहेत. (तुमचे एकवीस होते, तेही न लिहिलेले.)

लोकांच्या नाती आजीला परदेशात राजवाडे दाखवतात, तळी दाखवतात, बोटीत बसवतात. माझीने मला दोन तास आगगाडीत बसवून एका गावाला नेलं आणि मैला शुद्ध करायचा कारखाना दाखवला. डोक्यावर पिवळं टोपडं, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, लुगड्याचा काष्टा मारलेला, असा फोटो आहे, तो तुमच्या भाच्याला दाखवू नका. पहिल्या हौदाशी उभी राहिले तेव्हा आपल्या घरच्या लग्नाच्या बैठकी आठवल्या: वर फेस, खाली गाळ, आणि मधलं पाणी आता कुठे जावं म्हणून गप्प उभं. भिंगरी मात्र एकेक हौद असा दाखवत होती जशी पोरं नवं घर दाखवतात. शेवटच्या हौदातलं पाणी काचेसारखं होतं. मी विचारलं, हे पिता येतं का? म्हणाली, अजून नाही. मी म्हटलं, मग अजून शिक.

हे मी बोलून गेले आणि माझ्याच लक्षात आलं की मला उलटं बोलायला पाठवलं होतं. परतताना गाडीत मी गोड बोलायचं सोडून सरळ विचारलं की अगं, पण लोक काय म्हणतात याचं काय? आपल्याकडे हे काम दुसऱ्यांच्या गळ्यात घालून आपण नाकाला पदर लावायचा अशी चाल. ती म्हणाली, "म्हणूनच, आजी." आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी विचार केला, वन्सं, की लोक रोज सकाळी उठून जे करतात तेच ही निस्तरणार, तर निदान त्या लोकांनी तरी बोलू नये. पण हे तिला सांगितलं नाही, शेफारली असती.

तिथेच आमचा करार झाला. सांडपाण्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झालेली. (हेही तुम्हाला सांगितलेलं नव्हतं.) पुढच्या मंगळवारी दुसरी खेप होती, त्यातही नापास झाली तर कॉलेज पटावरून नाव काढणार. ती म्हणाली, नापास झाले तर हूं की चूं न करता गुरुवारी तुझ्याबरोबर येते, बाबा दाखवतील ते स्थळ बघते. आणि पास झाले तर बाबांना तू सांगायचं. मला वाटलं, तिचं ओझं जड, माझं हलकं. मग तुमच्या भाच्याचा चेहरा आठवला.

परीक्षाही कसली, ऐका. प्रत्येकाने एक तुंबलेला गोळा शोधून आणायचा, म्हणजे नळातून, गटारातून, कुठूनही, आणि मास्तरांपुढे उभं राहून सांगायचं की हा कसा झाला, कशाचा झाला, कुणी केला. दोन महिने भिंगरी गोळा शोधत होती. तिला मिळाला होता तो सुपारीएवढा. ती तो बघायची आणि सुस्कारा टाकायची. मला त्यातलं काय कळतंय, मी आपली स्वयंपाक करत होते. दोघी पोरी डब्यातलं गार खाऊन वाळलेल्या, म्हणून रोज काहीतरी तळायचे, आणि तळणीत-फोडणीत उरलेलं तेल मोरीत ओतायचे. त्यावर पिठाचे हात धुतलेलं पाणी, चहाचा चोथा. आपल्याकडे काय, मोरीतून पाणी थेट केळीला जातं, केळही तक्रार करत नाही. इथे मोरीवर भिंगरीने एक चित्र चिकटवलं होतं, कढईचं, त्यावर लाल काट. मला वाटलं, कढई यात धुवायची नाही. म्हणून मी कढई न्हाणीघरात नेऊन धुवायचे आणि फक्त तेल तेवढं मोरीत ओतायचे. इतकी मी नियमाने वागणारी.

रविवारी सकाळी मालकीणबाई वर आल्या. त्यांच्या मोरीतून सगळ्या इमारतीचं खरकटं पाणी वर येत होतं, आणि मांजर फडताळावर चढून बसलं होतं. त्या इतकं जोरात बोलत होत्या की भाषा न कळताही मला सगळं कळलं. भिंगरीने सांगितलं की ज्या मजल्याचा दोष निघेल त्याने महिनाअखेर खोली सोडायची, नियम एकोणीस, आणि नळदुरुस्तीवाला बुधवारी येणार.

मी खुर्चीत बसून होते. भिंगरीने मात्र हातमोजे चढवले, कपाटामागून एक लांब लवचिक तार काढली आणि तळघरात उतरली. मीही मागे गेले. लांबोडीला तिने मजल्यामजल्यावर पाठवून एकेक नळ सोडायला सांगितला आणि स्वतः नळीला कान लावून सरकत राहिली. वैद्य पाठीला कान लावतो तशी. शेवटी एका वळणावर थांबली, दोन बोटांनी टिचकी मारली, खालचं झाकण खोललं, तार घातली, आणि भस्सकन ते सगळं तिच्या अंगावर. मी नाक धरलं. तिने नाक नाही धरलं, हात घातला आणि नारळाएवढा गोळा बाहेर काढला. वन्सं, पहिलटकरणीला पोर दाखवताना सुईणीचा चेहरा होतो ना, तसा तिचा झाला होता.

मग तिने तो धुतला आणि बाहेरच्या थरात मोहरी दिसली. इतकी मोहरी त्या अख्ख्या गल्लीत फक्त माझ्या डब्यात आहे. तिने मोहरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. मी कबूल करणार नव्हते. सत्तरी ओलांडल्यावर कबूल करू नये, लोक माफ करतात आणि मरेपर्यंत आठवण देतात. पण ही बया वर गेली आणि मालकीणबाईंना सरळ सांगून मोकळी झाली की तेल आमच्याकडचं आहे, माझ्या आजीने ओतलं. मी म्हटलं, "अगं, दुसऱ्या मजल्यावर ढोलकं बडवणारा राहतो, त्याच्यावर घालायचं होतंस!" तर म्हणते, "आजी, मंगळवारी मास्तरांपुढे खरं सांगायचंय. आज खोटं सांगून कसं चालेल?" संताप आला. तो ओसरेपर्यंत दुपार झाली.

मालकीणबाईंनी खोली सोडायचा कागद दिला आणि मला त्याच क्षणापासून स्वयंपाकघरात बंदी केली. पन्नास वर्षं तुम्ही प्रयत्न केलात ते या बाईने एका सकाळीत साधलं.

मंगळवारी मीही गेले. मास्तर म्हणजे टक्कल पडलेले, बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. बाकी पोरांचे गोळे बशीत होते, भिंगरीचा परातीत. मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेला. तिने सुरीने तो मधोमध कापला, आणि वन्सं, आत कांद्यासारखे थर! ती एकेक थर बोटाने दाखवून बोलत गेली. वरचा पिवळा, मोहरीचा, अठरा दिवसांचा, माझ्या आजीचा. (सगळे माझ्याकडे वळले, मी पदर सारखा केला.) त्याखालचा साबणाचा, वरच्या मजल्यांचा. आणि अगदी आतला, दगडासारखा घट्ट, ज्यावर बाकीचे सगळे चढले, तो पांढऱ्या केसांनी भरलेला. मांजराच्या. मालकीणबाईंची मोरी बरोबर त्याच वळणावर नळीला मिळते, आणि मांजराचं खाणं शिजवून उरलेली चरबी त्या वर्षानुवर्षं तिथेच ओतत होत्या. मास्तरांनी भिंगरीच्या तोंडून मला चार प्रश्न विचारले, तेल किती, किती गरम, चोथा आधी की नंतर. मी सगळं खरं सांगितलं, अब्रू गेलेलीच होती. लोकांच्या आज्या परीक्षेला जाताना हातावर दही घालतात; मी हा हातभार लावला.

पास झाली. वर्गात पहिली. पुढचं वर्ष पक्कं, आणि सुट्टीत त्या कारखान्यात काम. मास्तरांनी सही केलेला कागद तिने मालकीणबाईंना दाखवला, आतल्या थराच्या ओळीवर बोट ठेवून. मालकीणबाईंनी तो दोनदा वाचला, मांजराला उचललं, खोली सोडायचा कागद परत घेतला. माझी बंदी मात्र उठवली नाही. बाई न्यायी आहे.

असो. घरी सगळ्यांना आशीर्वाद, सुनेलाही, गुडघ्याला शेक घ्या.

तुमची,
भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं राहिलंच. करारातला माझा भाग अजून व्हायचा आहे. तुमच्या भाच्याला मी सांगितलं तर तो माझ्याशी तासभर भांडेल, मग बायकोशी, मग फोनवर पोरीशी. तुमच्यापुढे मात्र तो अजून "हो आत्या" याच्या पुढे गेलेला नाही. तेव्हा तुम्हीच सांगावं ही विनंती. स्थळवाल्यांची काळजी नको, मुलगी काय शिकते ते खरं सांगा, ते स्वतःच लांबचा रस्ता धरतील.

ता. क. दुसरा. विनंती म्हटलं खरं, पण काल रात्री त्याचा फोन आला, "तिकिटं नीट ठेवलीस ना" म्हणून, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की भिंगरी येत नाही, आत्यानेच तसं ठरवलंय, काय ते तिला विचार. तो आज संध्याकाळी सहाला तुमच्याकडे येतो आहे. आता किती वाजले ते बघा. साडेपाच झाले असतील तर पान तोंडात टाका आणि खुर्ची दाराकडे वळवून बसा. माझ्यावर रागवायचं असेल तर आधी त्याच्यावर रागवून घ्या; उरलं तर शुक्रवारी मी येतेच आहे. एकटी.