भाईंच्या गप्पा, जशाच्या तशा

ती. स्व. शर्मिलाआत्या,

किशोरीचा नमस्कार. कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकून केला आहे, उरलेला गणपतीत भेटल्यावर करीन. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे कणकवलीत सगळं ठीक, म्हणजे भाई जेवतात, पेपर वाचतात आणि बोलत नाहीत. आई गेल्यापासून हे असंच.

कंबरेचं कारण आमचं कॉलेज. मालवणीतल्या गप्पा फोनवर टिपून जशाच्या तशा लिहायच्या, असं काम मराठी विभागानं काढलं. जशाच्या तशा म्हणजे खोकला, अडखळणं, गप्प बसणं, सगळं कागदावर. मी भाईंना आणि शेजारच्या लवूकाकांना पडवीत बसवलं (म्हटलं, त्या निमित्तानं तरी आपले वडील चार शब्द बोलतील) आणि फोन मध्ये ठेवून परसात गेले. विषय निघाला नारळ पाडायला न येणाऱ्या माणसाचा. लवूकाकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो मी पुन्हापुन्हा ऐकून, कंबर मोडेपर्यंत बसून, शुद्ध अंतःकरणानं लिहून काढला. भाईंच्या वाट्याला ‘हूं’, ‘खरां’ आणि कंसात (शांतता). शांतताच जास्त.

लिहिलेलं भाईंनी वाचायला मागितलं. निवृत्त मुख्याध्यापकच ते, लाल पेन घेऊन बसले. ‘माका’चं ‘मला’ केलं. लवूकाकांच्या शिव्यांच्या जागी ‘अरेरे’ घातलं. मी म्हटलं, “भाई, बोललात तसंच हवंय.”

“मी असो बोलतंय?” त्यांनी मालवणीतच विचारलं.

शेवटच्या पानावर पेन थांबलं. तिथे लवूकाकांचं चाललेलं असताना भाई मध्येच म्हणतात, ‘कावेरी चाय टाक गो’. मग (शांतता). मग लवूकाका, अगदी हळू, ‘कोणाक सांगतास, भाई?’ पुढे नुसता पंख्याचा आवाज. तोही मी लिहिला होता.

“ह्यां खोड,” भाई म्हणाले.

काही खोडायचं नाही, असा विभागाचा नियम. पण पेन त्यांच्याच हातात होतं. ते त्या ओळीवर बराच वेळ धरून बसले. मग आईच्या नावापुढे मी विसरलेला स्वल्पविराम दिला आणि कागद परत केला.

बाकी क्षेम.

तुमची,
किशोरी

ता. क. लवूकाकांची पानं विभागात मिटक्या मारत वाचली जातायत. त्यांना कळवू नका, पुढच्या वेळी जपून बोलतील.

आणखी एक. पत्र खरं तर एवढ्यासाठीच (फोनवर बोलायचं तर भाई शेजारीच असतात). आई तुम्हाला फोनवर आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवायची ना? पुसले नसतील तर पाठवा. बहुतेकांत भाईंच्याच तक्रारी असतील, त्याही गाळू नका. भाईंनीच मागितलेत. मी लिहून देते म्हटलं, तर म्हणाले, “तू नको. मी लिहितंय.”