कैसरची साक्ष

मंगळवार, ३ मार्च १८९१
कोर्टाचा हुकूम आला! कंपनीने ट्रामला विजेची मोटार बसवली, तारा ओढल्या, आणि कोपऱ्यावरच्या पेटिबोनबाई आडव्या आल्या, थेट कोर्टात गेल्या. परवान्यात म्हणे 'घोडा जुंपलेली गाडी' असंच लिहिलंय. निकाल लागेपर्यंत घोड्याशिवाय ट्राम हलवायची नाही.
बाई जिंकल्या तर माझ्या ट्रामचा घोडा, कैसर, माझ्याकडे राहील. हरल्या तर तबेल्याचा लिलाव. म्हातारा घोडा कोण घेणार? हाडं उकळून सरस करणारा! देवा, बाईंना यश दे. इतकी वर्षं माझ्या ट्रामने जातात, साधं नाव विचारलं नाही. तरी दे.

गुरुवार, ५ मार्च
कंपनीचे लूमिस वकील म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेले. "घोडा जुंपा म्हटलंय ना? जुंपा! त्याने ओढायलाच हवं असं कुठे लिहिलंय?"
म्हणून पुढे कैसर, मागे मोटार. माझ्या एका हातात लगाम, दुसऱ्यात मोटारीचा दांडा. अख्खा ओहायो हसला असेल! बायको, लिना, म्हणते, "अहो, वरातच निघाली होती जणू!"

शुक्रवार, २० मार्च
कैसर अंगाने सुटलाय. घंटा वाजली की रमतगमत चालतो, गाडी मागून मोटारच ढकलते, ओढायचं नाव नाही. ऐतखाऊ!

गुरुवार, २ एप्रिल
खुद्द पेटिबोनबाई तबेल्यात! नाकाला रुमाल. "उद्या न्यायाधीश रस्त्यावर बघायला येणार. वीज बंद ठेवून तुझा घोडा जुनी ट्राम ओढून दाखवेल. ओढेल ना?"
"बाई, जन्मभर तेच केलंय त्याने!"
तेवढ्यात कैसरने त्यांच्या टोपीवरची कापडी चेरी मटकावली. "अगं बाई!" म्हणून ओरडल्या, आणि चक्क हसल्या.

शुक्रवार, ३ एप्रिल
घात झाला. घंटा वाजवली. कैसर निघाला, पट्टे ताणले तसा थांबला. मागे वळून बघतोय— गाडी का येत नाही? चुचकारलं, हातापाया पडलो. ढिम्म!
न्यायाधीश हसून हसून लाल. "परवाना गाडी चालण्यासाठी दिलाय, थांबण्यासाठी नाही. घोड्यानेच साक्ष दिली." वीज जिंकली.
मेल्या, तुझ्याच जिवाचा खटला होता रे!

शनिवार, ११ एप्रिल
लिलाव. तरणे घोडे शेतकऱ्यांनी नेले. कैसर उरला. सरसवाला दोर घेऊन पुढे झाला, तोच मागून आवाज— "तो माझा!" पेटिबोनबाई! "मेले तरी त्या विजेच्या गाडीत पाय ठेवणार नाही. माझ्या बग्गीला हाच घोडा."
"बाई, पण हा ओढत—"
"माझ्याकडे ओढेल!"
मी मान फिरवून डोळे पुसले.

रविवार, १९ एप्रिल
विजेची ट्राम घेऊन निघालो. पेटिबोनबाईंच्या फाटकाशी बग्गी, बग्गीपुढे कैसर, आरामात गाजर खात उभा. बाई हात करून रस्त्यात. चढल्या, ताठ बसल्या.
"एक अक्षर बोलू नकोस, ओटो. चर्चला उशीर होतोय."