प्रेसच्या डोळ्यावरचं कुंकू

गिंडी, चेन्नई
५ ऑक्टोबर २००६

ती. अक्कास,
विद्याधरचा शि. सा. न. वि. वि.

तू नाशिकला सुखरूप पोचलीस हे कळलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

आयुधपूजेला तू कारखान्यातल्या यंत्रांना स्वतःच्या हाताने कुंकू लावलंस, त्याचं कौतुक अजून चालू आहे. आमचा फोरमन सुब्बा म्हणतो, पेरियम्मांच्या, म्हणजे थोरल्या बाईंच्या, हाताला वजन आहे. मी म्हटलं, ते वजन मी लहानपणी पाठीवर घेतलंय.

एक विचारायचं होतं. पूजेचं कुंकू मागाहून पुसलं तर चालतं का गं? इथे ते आपोआप झडेपर्यंत कुणी हात लावत नाही. सहज विचारतोय. पत्रा कापायच्या नव्या प्रेसचं काम जरा सावकाश आहे, बाकी क्षेम.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझा विद्याधर

नाशिक
९ ऑक्टोबर २००६

चि. विद्याधर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू ‘सहज’ लिहिलंस की मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचते. मॅट्रिकला नापास झालास तेव्हाही सहजच विचारलं होतंस, की अक्का, शाळेवाचून माणसाचं अडतं का. इतकी वर्षं कारखाना चालवतोस, कुंकवाचं कधी विचारलं नाहीस. आणि दिवाळीच्या तोंडावर तुझी प्रेस सावकाश?

कुणाला लागलं का? सरळ लिही. मला जपून म्हातारी करू नकोस, ते काम माझे गुडघे करताहेत.

जेवण वेळेवर घे. माया आहे म्हणूनच रागावते.
तुझी अक्का

गिंडी
१४ ऑक्टोबर २००६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. त्या प्रेसच्या पुढे दोन खांब आहेत. त्यांच्यामध्ये न दिसणारा उजेडाचा पडदा असतो. हात त्यात आला की प्रेस जागच्या जागी थांबते. आमची माणसं त्याला ‘कण्णु’ म्हणतात, डोळा. तू मोठ्या मायेने नेमकं त्या डोळ्यालाच ठसठशीत कुंकू लावलंस. त्याने उजेड अडला आणि सुट्टीनंतर प्रेस सुरूच होईना. कारण मला कळलं, पण तुझ्या हातचं कुंकू पुसायला माझा हात उचलेना. सुब्बाला म्हटलं, तूच बघ काय ते. त्याने कुंकू राखलं आणि तार जोडून डोळाच बाद केला.

दिवाळीच्या कामाला कंत्राटदार कृष्णस्वामीची माणसं त्याच दिवशी आली. त्यांतली कनका प्रेसवर बसली. तिला एवढंच सांगितलेलं, की हात आत गेला तर मशीन आपणहून थांबतं. मी ऑफिसात होतो. नवीन माणूस बसलं की डोळा त्याला घडोघडी अडवतो, प्रेसचा ठेका मोडतो. त्या दिवशी तो एकदाही मोडेना. माझ्या कानाला ते खटकलं. धावलो आणि मेन स्विच ओढला. कनकाच्या करंगळीचं नख गेलं, बोटं वाचली. कृष्णस्वामी म्हणाला, माझी माणसं, मी बघतो. मी म्हटलं, माणसं तुझी असतील, छप्पर माझं आहे.

प्रेस तेव्हापासून बंद आहे. पण मी आपल्या मनाने कुंकू पुसलं, तर उद्या कुणाला नुसतं खरचटलं तरी त्याचा दोष पुसण्यावर जाईल, आणि कुणीतरी पुन्हा तार जोडेल. म्हणून तुझा शब्द हवा.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
विद्याधर

नाशिक
१८ ऑक्टोबर २००६

चि. विद्याधर यास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून देवापाशी बसून राहिले. कनकाचं लग्न झालंय का, मुलंबाळं किती, काहीच लिहिलं नाहीस.

माझं मन जपायला गेलास आणि त्या बाईचा हात उघड्यावर टाकलास. पूस ते कुंकू. सुब्बाकडून नको, तू स्वतः पूस, सगळ्यांच्या देखत, कृष्णस्वामीच्या माणसांच्याही. अक्काने सांगितलंय म्हणून सांग. आणि जिचा हात आत जाणार, तिला आधी डोळा तपासू दे. तुझ्या शब्दावर कुणी का बसावं?

मी मात्र पुढच्या पूजेला येणार नाही. इथूनच हात जोडीन. माझा हात आता मलाच नकोसा झालाय.

तब्येत सांभाळ. माया तशीच आहे.
अक्का

गिंडी
२५ ऑक्टोबर २००६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पुसलं. मी ओलं फडकं फिरवत असताना सुब्बाने डोळे गच्च मिटले होते, पण तार त्याने स्वतःच्या हाताने काढली. मग कनकाला लाकडी पट्टी दिली. तिने ती पडद्यात घातली, प्रेस थांबली. तिला खरं वाटेना, पुन्हा घातली, पुन्हा थांबली. मग कायम काय, कंत्राटी काय, सगळ्यांनाच पट्टी घालून पाहायची होती. कृष्णस्वामी वेळ चालला म्हणून ओरडत होता, शेवटी त्यानेही हळूच घालून पाहिली. आता पट्टी घातल्याशिवाय कुणी कामाला बसत नाही.

कनकाला दोन मुली आहेत. बोट भरून येतंय.

तू येणार नाहीस हे मी बोलून गेलो. कनका माझ्यावरच उखडली. म्हणाली, पेरियम्मांना मशीनचं काय कळणार, तुम्ही सांगायला नको होतं? त्यांना यायला सांगा. पूजेला मी शेजारी उभी राहीन, कुंकू कुठे लावायचं ते मी दाखवीन.

आता नाही म्हणायचं असेल तर तूच तिला कळव. माझी छाती नाही.

लोभाची वाट पाहणारा,
विद्याधर